कच्च्या संघांना हवेत जोडीचे सामने

प्रश्न : आम्ही कोल्हापूरकर फुटबॉलवेडे. फुटबॉलमध्ये सॅन मारिनोसारखा चिमुकला देशही पात्रता फेरीत जर्मनीसमोर उभा राहतो. रग्बीत मात्र बडे देश वर्षानुवर्षं आपापसातच खेळतात आणि रुमानिया, नामिबिया, उरुग्वे यांच्यासाठी ‘नेशन्स कप’ नावाची वेगळी स्पर्धा भरवली जायची, असं वाचनात आलं. कच्च्या संघांची ही वेगळी पंगत कशासाठी? बड्यांशी दोन हात केल्याशिवाय कोणी मोठं होतं का? आणि या सगळ्यात आपला देश कुठे आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सॅन मारिनोचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. २००६ मध्ये जर्मनीने सॅन मारिनोला त्यांच्याच मैदानावर १३-० असं हरवलं. नव्वद मिनिटं स्वतःच्या गोलसमोर गर्दी करून उभं राहण्यापलीकडे त्या संघाला काही करताच आलं नाही. पास रचायचा, हल्ला बांधायचा, आघाडी मिळाली तर ती टिकवायची, यातलं काहीही अशा सामन्यात शिकता येत नाही, कारण चेंडू पायाशी येतच नाही. पुढे २०१८ मध्ये युरोपच्या फुटबॉल महासंघाने नेशन्स लीग सुरू केली आणि संघांची ताकदीप्रमाणे गटवारी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन मारिनोने लिख्टेनस्टाइनला १-० असं हरवलं. अधिकृत स्पर्धेतला तो त्यांचा पहिलावहिला विजय. बड्यांकडून मार खाऊन जे जमलं नाही, ते जोडीच्या संघाशी खेळून जमलं. रग्बीने हाच प्रयोग फुटबॉलच्या बारा वर्षं आधी केला होता. तुम्ही म्हणता तो नेशन्स कप म्हणजे तोच प्रयोग.

पण रग्बीला त्याची गरज फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त होती. काही निकाल पाहा. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानचा १४५-१७ असा धुव्वा उडवला. २००३ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-० असं हरवलं. सामना ऐंशी मिनिटांचा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय. एका ट्रायचे पाच गुण, त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. म्हणजे साधारण दर चार मिनिटांनी एक ट्राय, आणि तीही विश्वचषकात, पात्रता मिळवून आलेल्या संघाविरुद्ध.

असं का होतं, याचं पहिलं कारण नियमातच आहे. फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो आणि खेळ त्याच्यापासून सुरू होतो. पंधरा जणांच्या रग्बीत उलट आहे. ज्याच्यावर ट्राय झाली, त्यानेच मध्यरेषेवरून चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे किक करायचा. म्हणजे गुण मिळवणाऱ्यालाच बहुतेक वेळा चेंडू परत मिळतो. ताकदीत थोडा फरक असला तरी तो अशाने फुगत जातो. फुटबॉलचा गोलरक्षक एखाद्या संध्याकाळी अंगात आल्यासारखा खेळून बरोबरी वाचवू शकतो. रग्बीत अशी एकट्याच्या जिवावर लाज राखण्याची जागा कुठेच नाही. पंधराच्या पंधरा जणांना प्रत्येक टक्कर झेलावी लागते.

दुसरं कारण स्क्रम. तो टीव्हीवर नुसता माणसांचा ढीग वाटतो, म्हणून जरा जवळून पाहू. दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू तीन रांगांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात. पहिल्या रांगेत तिघे, मध्ये हुकर आणि दोन्ही बाजूंना प्रॉप. पंच ‘क्राउच’ म्हणतो की सगळे खाली जातात, ‘बाइंड’ म्हटल्यावर प्रॉप समोरच्याची जर्सी पकडतो, ‘सेट’ म्हणताच दोन्ही फळ्या भिडतात. पहिल्या रांगेतल्यांची डोकी समोरच्यांच्या डोक्यांशी गुंतलेली आणि मागून पाच जणांचा रेटा. पाठ सरळ, खांदे कंबरेहून खाली जाता कामा नयेत, पायांची नखं जमिनीत रुतलेली. इथे एका प्रॉपचा खांदा चार बोटं खाली घसरला, तर सगळी रचना कोसळते आणि मानेवर येतं. म्हणूनच पहिल्या रांगेत फक्त त्या जागेची तालीम झालेलेच खेळाडू उभे करावे लागतात. दुखापतींमुळे असे खेळाडू उरले नाहीत, तर पंच रेटारेटीच बंद करतो आणि स्क्रम नावापुरता उरतो. हे कौशल्य व्यायामशाळेत वजनं उचलून अंगात येत नाही. तोडीस तोड माणसाशी शेकडो वेळा भिडूनच ते येतं. फार तगड्या माणसाशी भिडलात तर शिकण्याआधीच मोडता, फार हलक्याशी भिडलात तर उमजत काहीच नाही.

तुमच्या ‘बड्यांशी दोन हात’ या मुद्द्याला माझं उत्तर एवढंच आहे की दोन हात जरूर करावेत, पण त्याआधी दहा हात जोडीदारांशी व्हायला हवेत. चार वर्षांतून एकदा विश्वचषकात तीन-चार सामने आणि मधल्या काळात शेजाऱ्यांशी किरकोळ खेळ, एवढ्यावर कुठलाही संघ उभा राहत नाही.

रुमानियाची कहाणी इथे सांगायलाच हवी, कारण हा देश मुळात ‘विकसनशील’ कधी नव्हता. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रुमानियाने रग्बीचं कांस्यपदक मिळवलं. उतरलेले संघ तीनच होते, हे खरं. पण पुढे त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. १९८३ मध्ये बुखारेस्टला त्यांनी वेल्सला २४-६ असं हरवलं. पुढच्या वर्षी पाच देशांची स्पर्धा सर्व सामने जिंकून घेणारा स्कॉटलंड आला, त्यालाही त्यांनी पाणी पाजलं. १९८८ मध्ये तर खुद्द कार्डिफला जाऊन वेल्सला १५-९ असं नमवलं. आजचे तरुण प्रेक्षक हे निकाल वाचून डोळे चोळतील.

या ताकदीमागे सरकारी पगार होता. स्टेउआ हा सैन्याचा क्लब, दिनामो गृहखात्याचा. खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा पोलीस, प्रत्यक्षात दिवसभर सराव करणारे. पश्चिमेकडचे देश तेव्हा हौशी होते. त्यांचे खेळाडू नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर यायचे. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली. त्या धुमश्चक्रीत राष्ट्रीय संघाचं नेतृत्व केलेला फ्लोरिका मुरारिऊ गोळी लागून मारला गेला. तो सैन्यातला अधिकारी होता. राजवटीबरोबर क्लबांचा सरकारी आधारही गेला. सहा वर्षं होत नाहीत तोच, ऑगस्ट १९९५ मध्ये, आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी व्यावसायिक केली. एका बाजूने रुमानियाचा पैसा आटला आणि त्याच वेळी इंग्लंड-फ्रान्समध्ये पैशाचा पाऊस सुरू झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये ट्विकनहॅमला इंग्लंडने रुमानियाला १३४-० असं हरवलं. वेल्सला कार्डिफमध्ये हरवल्यापासून तेरा वर्षांत एवढी घसरण. खेळाडूंची जिगर आटली म्हणून हे झालं असं म्हणणं मला मान्य नाही. त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली होती.

असे एकतर्फी निकाल साचत गेले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाला हालचाल करावी लागली. २००६ मध्ये नेशन्स कप सुरू झाला. पहिली स्पर्धा लिस्बनला झाली, चार संघ होते : यजमान पोर्तुगाल, रशिया, इटली ‘अ’ आणि अर्जेंटिना ‘अ’. जिंकला अर्जेंटिना ‘अ’. त्याच वर्षी पॅसिफिक बेटांसाठी वेगळी स्पर्धा निघाली, त्यात फिजी, सामोआ, टोंगा, जपान यांच्याबरोबर न्यूझीलंडचा ज्युनिअर ऑल ब्लॅक्स संघ होता. २००७ पासून नेशन्स कप बुखारेस्टला गेला आणि दहा वर्षं तिथेच राहिला. शहरातल्या विजयकमानीजवळचं आर्कुल दे त्रिउम्फ मैदान हे त्याचं घर झालं.

स्पर्धेची घडण साधी होती. जून महिन्यात चार किंवा सहा संघ एका शहरात यायचे आणि प्रत्येकाला थोड्या दिवसांच्या अंतराने तीन सामने मिळायचे. सगळे सामने एकाच शहरात असल्यामुळे प्रवास, हॉटेल, पंच, डॉक्टर यांचा खर्च आटोक्यात राहायचा. जून निवडण्यामागेही विचार होता. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरलेल्या काळात क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात, असा नियम आहे. जॉर्जिया-रुमानियाचे चांगले खेळाडू फ्रान्सच्या क्लबांत पोट भरतात. हा काळ नसता, तर ते मायदेशाच्या जर्सीत दिसलेच नसते.

यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे बड्या देशांच्या दुसऱ्या फळीच्या संघांना दिलेलं आमंत्रण. दक्षिण आफ्रिकेने ‘इमर्जिंग स्प्रिंगबॉक्स’ पाठवले, स्कॉटलंड आणि इटलीने ‘अ’ संघ, अर्जेंटिनाने ‘जॅग्वार्स’. स्प्रिंगबॉक्सच्या मुख्य संघाशी खेळला असता तर नामिबियाचा पालापाचोळा झाला असता. पण मुख्य संघाच्या उंबरठ्यावर ताटकळणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरांशी खेळताना सामना रंगायचा. त्या पोरांनाही निवड समितीच्या नजरेत भरायचं असायचं, त्यामुळे ते जीव तोडून खेळायचे. समोरचा आपल्याहून सरस, पण हाताबाहेरचा नाही, अशी नेमकी उंची इथे साधली गेली. विजेत्यांची यादी पाहिली तर ते ध्यानात येतं. २००७ आणि २००८ मध्ये इमर्जिंग स्प्रिंगबॉक्स, २००९ मध्ये स्कॉटलंड ‘अ’, २०१० मध्ये नामिबिया, मग साउथ आफ्रिकन किंग्ज, पुढे दोनदा रुमानिया, २०१४ मध्ये आयर्लंडचा इमर्जिंग संघ, मग पुन्हा दोनदा रुमानिया. २०१७ मध्ये स्पर्धा उरुग्वेची राजधानी मोंटेव्हिडिओला गेली आणि यजमानांनी ती जिंकली. २०१८ मध्येही त्यांनीच.

२०१० च्या नामिबियापाशी मी नेहमी थांबतो. सात वर्षांपूर्वी १४२ गुण खाल्लेला हा देश. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, बराचसा भाग वाळवंट. त्यांनी बुखारेस्टला जाऊन यजमान रुमानियाला, जॉर्जियाला आणि स्कॉटलंड ‘अ’ला मागे टाकून चषक उचलला. २००७ च्या विश्वचषकातही त्यांनी आयर्लंडला झुंजवलं होतं. ते हरले ३२-१७ असे, म्हणजे आधीच्या स्पर्धेतल्या आकड्यांशी तुलनाच नाही. २०१५ मध्ये जॉर्जियाकडून अवघ्या एका गुणाने, १७-१६ असे हरले.

आणि तरी नामिबियाने विश्वचषकातला एकही सामना आजवर जिंकलेला नाही. १९९९ ते २०२३ अशा सलग सात स्पर्धा, २६ पराभव. २०१९ मध्ये जपानमधल्या कामाइशीला कॅनडाविरुद्धचा सामना ही त्यांची सर्वांत चांगली संधी होती. त्याच दिवशी हागिबिस चक्रीवादळाच्या तडाख्यामुळे सामनाच रद्द झाला आणि बरोबरीचे गुण वाटून दिले गेले. कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन गावातला चिखल काढायला गेले. २०२५ मध्ये आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात झिम्बाब्वेने नामिबियाला ३०-२८ असं हरवलं, आणि २०२७ च्या विश्वचषकाला नामिबिया नसेल. जूनमधले तीन सामने संघाला दिशा देतात, पण वर्षाचे उरलेले अकरा महिने कोणीतरी भरून काढावे लागतात. नामिबियाला ते जमलं नाही. घरी सकस स्पर्धा नाही, खेळाडू परदेशी विखुरलेले, महासंघाकडे पैसा नाही.

उरुग्वेने ते अकरा महिने भरून काढले. मराठी वाचकांना उरुग्वेची रग्बी एका वेगळ्या, भीषण कारणाने ऐकून माहीत असेल. १९७२ मध्ये मोंटेव्हिडिओच्या ओल्ड ख्रिश्चन्स क्लबचा संघ घेऊन निघालेलं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी जिवंत बाहेर आले. त्यावरचा सिनेमा अलीकडे बऱ्याच जणांनी पाहिला. पण त्या क्लबमध्ये, त्या शहरात रग्बी पुढेही चालू राहिली, हे सांगायला कोणी जात नाही. राष्ट्रीय संघाला तिथे ‘लॉस तेरोस’ म्हणतात. तेरो म्हणजे टिटवीच्या जातीचा पक्षी, अंगाने लहान, पण घरट्याजवळ आलेल्या कोणावरही झडप घालणारा. आपल्या माळरानावरची टिटवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव का दिलं ते सांगावं लागणार नाही.

उरुग्वेच्या महासंघाने मोंटेव्हिडिओचं चारुआ मैदान ताब्यात घेऊन सरावाचं केंद्र उभारलं, खेळाडूंना पगारी करार देऊ केले आणि नेशन्स कप घरी आणला. घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकायची सवय लागणं ही साधी गोष्ट नाही. मग आला २५ सप्टेंबर २०१९ चा दिवस, तोही कामाइशीलाच. २०११ च्या त्सुनामीत तिथल्या दोन शाळा वाहून गेल्या होत्या. मुलं आधीच टेकडीकडे धावली म्हणून वाचली. त्या शाळांच्या जागेवर हे मैदान बांधलेलं आहे. समोर फिजी, आदल्या वर्षी याच उरुग्वेला मोठ्या फरकाने हरवलेला. फिजीने पाच ट्राय केल्या, उरुग्वेने तीनच. पण उरुग्वेचा फेलिपे बेरकेसी किक चुकवत नव्हता आणि फिजीचे किकर गोलखांब शोधत राहिले. टॅकलनंतर टॅकल घालत उरुग्वेने ३०-२७ असा सामना काढला. कर्णधार हुआन मानुएल गामिनारा मुलाखत देताना ढसाढसा रडला. फिजीचे खेळाडू चारच दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाशी खेळून थकलेले होते, हेही सांगायला हवं. विश्वचषकाच्या वेळापत्रकात असा अपुरा आराम एरवी कच्च्या संघांच्याच वाट्याला यायचा. त्या दिवशी तो फिजीच्या वाट्याला आला आणि त्याचा फायदा उठवण्याची तयारी उरुग्वेने केलेली होती. पुढच्या वर्षी तिथे पेन्यारोल हा व्यावसायिक रग्बी संघ उभा राहिला. २०२३ मध्ये यजमान फ्रान्सला त्यांनी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत तंगवलं. हरले २७-१२ असे, पण त्या रात्री लीलच्या मैदानावर फ्रेंच प्रेक्षक गप्प झाले होते.

पोर्तुगालचंही असंच. २००७ मध्ये ते विश्वचषकाला आले तेव्हा संघात वकील, डॉक्टर, विद्यार्थी होते. न्यूझीलंडने त्यांना १०८-१३ असं हरवलं. २०२३ मध्ये त्यांनी जॉर्जियाशी १८-१८ अशी बरोबरी केली आणि मग तुलूझला फिजीवर २४-२३ असा विजय मिळवला. या दोन विश्वचषकांमधली सोळा वर्षं युरोपातल्या दुसऱ्या पातळीच्या सामन्यांत गेली. ते सामने टीव्हीवर क्वचितच दिसले.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग मला खरोखर पटतो, त्याकडे वळतो. वेगळी स्पर्धा असण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिला वर जाणारं दार नसणं. नेशन्स कप पाच वेळा जिंकलात तरी पुढच्या वर्षी तुम्हाला बड्यांशी खेळायला मिळेल, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जॉर्जियाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. या देशात ‘लेलो बुर्ती’ हा रग्बीच्या जवळचा गावठी खेळ शतकानुशतकं खेळला जातो. गावंच्या गावं चेंडूवर तुटून पडतात, म्हणून राष्ट्रीय संघालाही ‘लेलो’ म्हणतात. त्यांचे प्रॉप फ्रान्सच्या प्रत्येक मोठ्या क्लबला हवे असतात. जुलै २०२२ मध्ये बातुमीला त्यांनी इटलीला २८-१९ असं हरवलं, नोव्हेंबरमध्ये कार्डिफला वेल्सला १३-१२ असं. तरीही युरोपच्या सहा देशांच्या स्पर्धेत त्यांना प्रवेश नाही. इटली तिथे २००० पासून आहे, आणि मधल्या काळात सलग ३६ सामने हरूनही ती जागा कोणी काढून घेतली नाही. कारण ती स्पर्धा त्या सहा महासंघांच्या मालकीची आहे. कोण आत यावं, हे तेच ठरवतात.

पैशाचा नियमही त्यांच्याच सोयीचा. आंतरराष्ट्रीय सामन्याचं तिकिटांचं उत्पन्न यजमान ठेवतो. ट्विकनहॅमला ऐंशी हजार लोक आले तरी पाहुण्या सामोआच्या महासंघाला त्यातला हिस्सा मिळत नाही. आणि इंग्लंड सामोआच्या राजधानीत, अपियाला जात नाही, कारण तिथे पुरेशी तिकिटं विकली जाणार नाहीत. न्यूझीलंडने सामोआ वंशाच्या खेळाडूंच्या बळावर कितीतरी सामने जिंकले, पण ऑल ब्लॅक्स अपियाला पहिला कसोटी सामना खेळायला गेले ते जुलै २०१५ मध्ये. त्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर होतं. आंतरराष्ट्रीय मंडळातही जुन्या दहा देशांना प्रत्येकी तीन मतं आणि छोट्यांना एकेक किंवा तीही नाहीत. मग नियम कोणाच्या बाजूने होणार? मला या व्यवस्थेचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. रग्बीसारखा सोबतीचा, घामाचा खेळ मूठभर देशांच्या ताब्यात राहावा, हे त्या खेळाचंच नुकसान आहे.

थोडं वारं फिरतं आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याप्रमाणे विश्वचषकात २०२७ पासून २० ऐवजी २४ संघ असतील. २०२६ पासून वरच्या बारा देशांची नवी स्पर्धा सुरू होते आहे, तर त्यांच्या खालच्या बारा संघांसाठी पुन्हा ‘नेशन्स कप’ हेच नाव घेऊन दुसरी स्पर्धा आखली आहे. जॉर्जिया, उरुग्वे, पोर्तुगाल, स्पेन, चिली, टोंगा, सामोआ हे सगळे तिच्यात आहेत. एका शहरात जूनमधले तीन सामने एवढंच तिचं रूप राहणार नाही. वर्षभरातल्या दोन्ही आंतरराष्ट्रीय हंगामांत ती पसरलेली असेल. दोन स्पर्धांमध्ये चढ-उतरण मात्र २०३० पासून. म्हणजे जॉर्जियाने तोवर कितीही सामने जिंकले तरी त्याला थांबावंच लागणार. माझ्या मते हा उशीर अन्यायाचा आहे. २०२२ मध्ये जो संघ वेल्सला त्यांच्या घरी हरवतो, त्याला आठ वर्षं वाट पाहायला लावायची काही गरज नव्हती.

राहिला भारत. आपण नेशन्स कपमध्ये कधीही नव्हतो आणि नव्या स्पर्धेतही नाही. तिथून आपण कित्येक पायऱ्या खाली आहोत. आशियातून २०२७ च्या विश्वचषकाचं तिकीट हाँगकाँगने मिळवलं, त्यांचंही पहिल्यांदाच. आशियाच्या वरच्या गटात आता शेजारचा श्रीलंका आहे. तिथल्या शाळांची रग्बी इतकी भक्कम आहे की कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज यांच्या ब्रॅडबी शील्डच्या सामन्यासाठी शहरं थांबतात. भारताचा पुरुष संघ त्याच्या खालच्या विभागांत खेळतो.

याची चुटपुट अधिक लागते, कारण रग्बी आपल्याकडे नवखी नाही. इंग्लंड-स्कॉटलंड १८७९ पासून ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात, तो कलकत्त्याच्या बंद पडलेल्या रग्बी क्लबने बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. आझाद मैदानालगतच्या त्याच्या मैदानावर पावसाळ्यात, क्रिकेट बंद असताना, आजही रग्बी रंगते. चिखलात पडण्याचं भय नसतं आणि जमीन मऊ असते, म्हणून मुंबईत हाच हंगाम सोयीचा. पण क्लबांच्या चार भिंतींतून हा खेळ बाहेर पडायला फार काळ लागला. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ चा. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेल्या प्रीमियर लीगमध्ये परदेशी नामवंतांबरोबर आपली मुलं खेळली, हे चांगलं झालं. ती मात्र सात-सात जणांची रग्बी. तिच्यात वेग आणि मोकळं मैदान. वर वर्णन केलेला आठ जणांचा स्क्रम तिथे नाही, आणि पंधरा जणांचा संघ उभारायचा तर प्रॉप घडवावे लागतात.

वाट कशी असते ते आपल्याच मुलींनी दाखवलं आहे. जून २०१८ मध्ये भारताच्या महिला संघाने पंधरा जणींच्या रग्बीत पदार्पण केलं, सिंगापूरला. फिलिपिन्सशी हरल्या, सिंगापूरशीही हरल्या. ओडिशातल्या आदिवासी शाळेत शिकलेल्या, मुंबई-पुण्याच्या, बंगालच्या अशा मुलींचा हा संघ. पुण्याच्या वाहबीज भरुचाने त्याचं नेतृत्व केलं. एका वर्षाने मनिलाला पुन्हा तेच प्रतिस्पर्धी समोर आले, आणि या वेळी भारताने सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला तो आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आदल्या वर्षी ज्यांच्याशी हरलो, त्यांच्याशीच पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला मिळालं, म्हणून तो शक्य झाला. पुरुषांच्या संघासाठीही महासंघाने दरवर्षी नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, सिंगापूर यांच्याशी ठरलेल्या तारखांना तीन-चार सामने बांधून घ्यावेत, आणि ते निदान पाच वर्षं मोडू नयेत, अशी माझी मागणी आहे.